चार्ली चॅनची मुलं नेमकी किती, आणि जिमीचा टॉमी कधी झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार्ली चॅन या होनोलुलूच्या काल्पनिक चिनी गुप्तहेराचे जुने हॉलिवूडपट तुम्ही ओळीने पाहताय, त्यावरून त्याच्या कुटुंबाचा वंशवृक्ष मांडताय, आणि दोन ठिकाणी गाडी अडली आहे. १९४६ पर्यंत ‘जिमी’ असलेला मुलगा १९४७ च्या अखेरीस ‘टॉमी’ कसा होतो? चेहरा तर तोच आहे. आणि मुलं एकूण किती? जिथे पाहावं तिथे आकडा वेगळा.

आधी थेट उत्तर देते, मग त्यामागचा विचार सांगते. जिमी आणि टॉमी हे दोन वेगळे भाऊ धरा. मुलांचा एकच आकडा मात्र ठरवू नका, कारण तो ठरत नाही. ज्या याद्यांमध्ये तो ठरवलेला दिसतो, त्या कुणीतरी मध्ये कुठेतरी हात मारून जुळवलेल्या असतात.

मी हे कोणत्या अनुभवावर बोलते तेही सांगायला हवं. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या संपादनात मी बरीच वर्षं काम केलंय, आणि जुन्या हॉलिवूडच्या गुप्तहेरपटांची हौस त्याहून जुनी. कुलवृत्तांतात पहिला प्रश्न असतो तो माणूस कशावरून ओळखायचा हा. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. त्यामुळे विष्णु गोपाळ, गोपाळ विष्णु, पुन्हा विष्णु गोपाळ अशी साखळी शंभर-दीडशे वर्षं चालते आणि एखाद्या जुन्या कागदावरचा विष्णु गोपाळ कोणत्या पिढीतला हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. मग आम्ही त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांकडे जातो. तिथल्या नोंदीत अमुक साली अमुक माणूस आला, सोबत कोण होतं, हे असतं. त्या दिवशी तो हयात होता आणि त्याला तेव्हा किती भाऊ होते एवढं तरी पक्कं होतं.

चॅन कुटुंबात ओळख पटवायची साधनं तीन: नाव, क्रमांक आणि चेहरा. नाव म्हणजे ली, जिमी, टॉमी. क्रमांक म्हणजे बाप ज्यावरून हाक मारतो तो नंबर वन, नंबर टू. चेहरा म्हणजे नट. तुमची खरी अडचण ही आहे की ही तिन्ही एकमेकांशी भांडतात, आणि तुम्ही नकळत एका सिनेमात नावाचं ऐकता, दुसऱ्यात चेहऱ्याचं. तिघांत वरचढ कोण, हे आधी ठरवा. मी नाव वर ठेवते, मग क्रमांक, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. तुम्हाला नटांच्या कारकिर्दीवरून झाड मांडायचं असेल तर क्रम उलटा लागेल, तेही चूक नाही. पण मग ते झाड चॅन कुटुंबाचं राहणार नाही, हे मान्य करून पुढे जा.

चेहरा शेवटी का, याला सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे लेन टॉम ज्युनियर हा बालनट. १९३७ च्या ‘चार्ली चॅन ॲट द ऑलिम्पिक्स’मध्ये तो चार्ली चॅन ज्युनियर आहे. १९३८ च्या ‘चार्ली चॅन इन होनोलुलू’मध्ये तोच टॉमी. १९४० च्या ‘चार्ली चॅन्स मर्डर क्रूझ’मध्ये तोच विली. चेहरा म्हणजेच ओळख असं धरलं तर तीन वर्षांत तीन नावं घेणारा एक विचित्र पोरगा तयार होतो. तीन वेगळी भावंडं धरली तर काहीच अडत नाही, कारण घरात मुलं भरपूर आहेत आणि भावंडं एकमेकांसारखी दिसतातच. कथेच्या आत राहून ही सोपी समजूत पुरते. कथेच्या बाहेर कारण आणखी सोपं आहे: स्टुडिओला एक चुणचुणीत मुलगा मिळाला होता, आणि मागच्या वेळी त्याचं नाव काय ठेवलं होतं याची फिकीर कुणी केली नाही.

आता हाच नियम जिमी-टॉमीला लावा. व्हिक्टर सेन यंग हा नट १९३८ पासून फॉक्स स्टुडिओच्या सिनेमांत जिमी आहे. महायुद्धाच्या काळात तो हवाई दलात गेला. दरम्यान मालिका मोनोग्राम या दुसऱ्या कंपनीकडे गेली होती आणि १९४४ पासून तिथे बेन्सन फाँग टॉमी म्हणून दिसतो. १९४६ मध्ये ‘डार्क अलिबाय’मध्ये फाँगचा टॉमी आहे, आणि लगेच पुढच्या ‘शॅडोज ओव्हर चायनाटाउन’मध्ये सेन यंगचा जिमी परत येतो. दोन्हीकडे बाप सिडनी टोलरच आहे आणि चॅनचा ड्रायव्हर बर्मिंगहॅम ब्राउन झालेला मँटन मोरलंडही तोच आहे. म्हणजे एकाच बापाच्या, एकाच घरातल्या गोष्टीत टॉमी आणि जिमी काही महिन्यांच्या अंतराने वेगवेगळ्या चेहऱ्यांनी वावरतात. हे दोघं एकच असूच शकत नाहीत. फेब्रुवारी १९४७ मध्ये टोलर वारला, त्या वर्षाच्या शेवटी रोलंड विंटर्सचा चॅन म्हणून पहिला सिनेमा ‘द चायनीज रिंग’ आला आणि त्यात सेन यंगला टॉमी हे नाव मिळालं. माझ्या नियमाप्रमाणे तो फाँगचाच टॉमी आहे, चेहरा बदललेला. बाप बदललेला आपण विनातक्रार चालवून घेतो, मग मुलगा बदलला तर एवढं काय?

इथे एक फांदी मात्र मी सोडवू शकलेली नाही, सोडवायची गरजही वाटत नाही. १९३८ चा टॉमी लहान पोरगा आहे. १९४४ चा टॉमी बापाच्या मागे मागे फिरून खुनाचे धागे शोधणारा तरणाताठा. सहा वर्षांत एवढा मोठा होणं अशक्य नाही. अकरा-बारा वर्षांचा मुलगा सतरा-अठराचा होतोच. तरी मी या दोघांना जोडणारी रेघ तुटक काढते. कुलवृत्तांतात आम्ही हेच करतो: पुरावा असेल तिथे सलग रेघ, तर्क असेल तिथे तुटक, आणि तुटक रेघेच्या शेजारी तर्क कुणाचा तेही लिहायचं. नाहीतर वीस वर्षांनी पुढचा संपादक तीच रेघ सलग करून छापतो.

आता त्याहून महत्त्वाचं. तुमचं झाड एका कागदावर मावणार नाही. किमान तीन कागद घ्या.

पहिला कागद चॅनचा जनक असलेला लेखक अर्ल डेर बिगर्स याच्या सहा कादंबऱ्यांचा, १९२५ ते १९३२. पहिल्या कादंबरीत चॅनला नऊ मुलं आहेत, पुढे अकरापर्यंत जातात. थोरला मुलगा तिथे हेन्री आहे, थोरली मुलगी रोज. सिनेमातला थोरला, ली, कुठेच नाही. काही हौशी मंडळी ‘हेन्री ली चॅन’ असं जोडनाव करून हा तिढा सोडवतात. कल्पना गोड आहे, पण तिला आधार शून्य. पडद्यावर कुणी तसं म्हणत नाही, पुस्तकात कुणी तसं लिहीत नाही.

दुसरा कागद फॉक्सचा, १९३१ ते १९४२: आधी वॉर्नर ओलंडचे सोळा सिनेमे, मग टोलरचे अकरा. तिसरा मोनोग्रामचा, १९४४ ते १९४९: टोलरचे आणखी अकरा आणि विंटर्सचे सहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदामधली भेग खरी आहे. फॉक्सने मालिका थांबवल्यावर टोलरने बिगर्सच्या पत्नीकडून हक्क मिळवले आणि मालिका मोनोग्रामकडे नेली. मोनोग्राम म्हणजे कमी पैशांत, झटपट सिनेमे काढणारी कंपनी. नवे लेखक, नवा सेट, आणि जुन्या कंपनीत कोणत्या मुलाचा कितवा नंबर होता हे बघायची कुणाला निकड नाही. म्हणून तिथे आयरिस ही मुलगी येते, फ्रान्सिस येते (तिचं काम करणाऱ्या नटीचं खरं नावही फ्रान्सिस चॅन), १९४५ च्या ‘द जेड मास्क’मध्ये एडी येतो, आणि बहुतेक एका फेरीत येऊन जातात. एडीचं काम करणारा एडविन लूक हा पहिल्या मुलाचं काम करणाऱ्या की लूकचा सख्खा भाऊ. या सगळ्या भानगडीत एवढं एक नातं निर्विवाद आहे, आणि ते कथेच्या बाहेरचं आहे!

तीन कागद एकमेकांवर ठेवून पाहायला हरकत नाही, पण शाई एकाची दुसऱ्याला लागू देऊ नका.

लीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण झाडाचा सगळ्यात रसाळ भाग तोच आहे म्हणून थोडी थांबते. ली पहिल्यांदा दिसतो १९३५ च्या ‘चार्ली चॅन इन पॅरिस’मध्ये. ऑलिम्पिकच्या सिनेमात तो अमेरिकेच्या जलतरण संघात आहे आणि कथा १९३६ च्या बर्लिनमध्ये घडते. बाप हिंडेनबर्ग या हवाई जहाजातून तिकडे जातो, आणि हा सिनेमा प्रदर्शित झाला तोवर खरं हिंडेनबर्ग जळून दोन-तीन आठवडेही झाले नव्हते. वंशावळ करणाऱ्याला हा सिनेमा म्हणजे तीर्थोपाध्यांची वही आहे. एरवी या सिनेमांत साल कुठलं हे कळायला मार्ग नसतो. इथे मात्र एक मुलगा एका ठरावीक साली एका ठरावीक गावी, आणि स्पर्धेत उतरण्याइतका मोठा. लीचा जन्म मी १९१५ च्या आसपास धरते तो यावरून. तुटक रेघेनेच.

मग ‘चार्ली चॅन ॲट मॉन्टे कार्लो’मध्ये ली चित्रकार झालेला आहे. ‘होनोलुलू’मध्ये जिमी पुढे येतो, कारण ली न्यूयॉर्कला कलाशाळेत गेलाय असं कळतं. की लूक स्वतः नट व्हायच्या आधी जाहिरातींची चित्रं काढून पोट भरत असे, त्यामुळे हा धागा आला कुठून याचा अंदाज बांधता येतो. इथपर्यंत सगळं छान जुळतं. पण मधेच एप्रिल १९३८ मध्ये ‘मिस्टर मोटोज गॅम्बल’ येतो आणि त्यात ली चॅन मिस्टर मोटो या दुसऱ्याच गुप्तहेराच्या गुन्हेशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसलेला!

ही गंमत समजून घेण्यासारखी आहे. मुळात हा चॅनचाच सिनेमा होता. जानेवारी १९३८ मध्ये चित्रीकरण सुरू असताना ओलंड काम सोडून गेला (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो स्वीडनमध्ये वारला). बरंच काम झालेलं होतं, पैसा गुंतलेला होता. स्टुडिओने पटकथा फिरवली, पीटर लॉरेच्या मोटोला चॅनच्या जागी उभं केलं आणि की लूकला लीच्या भूमिकेत तसंच ठेवलं. म्हणून दोन वेगळ्या लेखकांचे दोन गुप्तहेर एका जगात आले. आता हा सिनेमा झाडासाठी ग्राह्य धरायचा का? मी धरते. ली तिथे ली चॅन म्हणूनच आहे, नाव स्पष्ट आहे, स्टुडिओ तोच आहे. जलतरणपटू, चित्रकार, गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी आणि पुन्हा कलाशाळा असा त्याचा प्रवास होतो. वीस-बावीस वर्षांचा थोरला मुलगा एवढ्या वाटा बदलतो यात मला तरी काही अस्वाभाविक दिसत नाही. बापाला काय वाटलं असेल ते वेगळं.

मालिकेच्या शेवटी की लूक परत येतो. १९४८ च्या ‘द फेदर्ड सर्पंट’मध्ये ली आणि टॉमी एकत्र दिसतात, म्हणजे लूक आणि सेन यंग चॅनचे मुलगे म्हणून एका पडद्यावर. दोन भावांचं नातं थेट दाखवणारा हा सिनेमा असल्याने झाडाच्या दृष्टीने तो फार मोलाचा, सिनेमा म्हणून बेताचा. आणि १९४९ च्या ‘द स्काय ड्रॅगन’वर मालिका संपते. तिथे वयाचा हिशोब करायला जाऊ नका. की लूकचा जन्म जून १९०४ चा, विंटर्सचा नोव्हेंबर १९०४ चा. मुलगा बापापेक्षा पाच महिन्यांनी मोठा. टोलरही ओलंडपेक्षा पाच वर्षांनी मोठा होता, म्हणजे १९३८ मध्ये चार्ली चॅन एका रात्रीत पाच वर्षांनी म्हातारा झाला आणि १९४७ मध्ये तीस वर्षांनी तरुण. नटाच्या वयावरून पात्राचं वय काढायचं नाही, हा नियम यासाठी.

मुलांचा आकडा का ठरत नाही ते आता सांगते. १९३६ च्या ‘चार्ली चॅन ॲट द सर्कस’मध्ये चॅन बायको आणि बारा मुलांना घेऊन सर्कस पाहायला जातो. फॉक्सच्या कागदावर मी ‘१९३६: बारा’ एवढंच लिहिते. ‘एकूण बारा’ असं लिहीत नाही. हा त्या दिवशीचा आकडा आहे. पुढे होनोलुलूच्या सिनेमात तर पहिलं नातवंड जन्माला येतं, म्हणजे घर वाढतंच आहे. कुणी म्हणेल, नावं मोजा. नावं मोजली तर तिन्ही कागद मिळून वेगळाच आकडा येतो, कारण बारातल्या बहुतेकांना नाव नाही आणि ज्यांना नाव आहे ते बारात होते की नाही हे कळत नाही.

शिवाय पुराव्यालाच भोकं आहेत. ओलंडचे चार सिनेमे आज उपलब्ध नाहीत: ‘चार्ली चॅन कॅरीज ऑन’ (१९३१), ‘चार्ली चॅन्स चान्स’ (१९३२), ‘चार्ली चॅन्स ग्रेटेस्ट केस’ (१९३३) आणि ‘चार्ली चॅन्स करेज’ (१९३४). पहिल्याची त्याच वेळी काढलेली स्पॅनिश आवृत्ती ‘एरान त्रेसे’ टिकून आहे, पण तिच्यात चॅन वेगळा, मॅन्युएल अर्बो. मला जास्त हळहळ वाटते ती ‘ग्रेटेस्ट केस’ची. तो बिगर्सच्या पहिल्या कादंबरीवरचा, होनोलुलूत घडणारा. घर आणि मुलं दिसण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेला सिनेमाच हाती नाही. काही जण अशा जागा कादंबरीतला मजकूर घालून भरतात. ते करू नका. ‘ब्लॅक कॅमल’ सुदैवाने टिकलाय. त्यात घरातला जेवणाचा प्रसंगही आहे. तो सिनेमा आणि ती कादंबरी शेजारी ठेवून पाहिलीत तर स्टुडिओने पुस्तकातलं किती बदललं ते तुमच्याच लक्षात येईल.

आणखी एक मोह टाळा, चँग अपानाचा. होनोलुलू पोलिसातला हा खरा गुप्तहेर चॅनमागची प्रेरणा मानला जातो. ‘ब्लॅक कॅमल’चं चित्रीकरण होनोलुलूत चाललं होतं तेव्हा तो ते पाहायला गेला होता, ओलंडसोबतचा त्याचा फोटोही आहे. म्हणून त्याच्या आयुष्यातले तपशील चॅनच्या झाडात घालणारे लोक आहेत. पण अपाना चाबूक घेऊन फिरणारा, इंग्रजी वाचता न येणारा माणूस होता. चॅन त्यातला एकही नाही. प्रेरणा म्हणजे पूर्वज नव्हे.

प्रत्यक्ष काम कसं करायचं? मी प्रत्येक सिनेमासाठी एक पान ठेवते. पात्राचं नाव संवादात ऐकू आलं की फक्त श्रेयनामावलीत होतं, हे वेगळं लिहायचं. संवाद आणि नामावली यांत फरक पडला तर मी संवाद खरा मानते, कारण कथेच्या आतल्या माणसांना नामावली दिसत नसते. क्रमांक कोण सांगतो तेही लिहायचं. बापाने सांगितला तर वजन जास्त, एखाद्या पाहुण्याने सांगितला तर कमी. मिनिट लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच संवाद शोधत बसाल. आणि कोणती प्रत पाहिली तेही लिहा. जुन्या सिनेमांच्या टीव्हीसाठी कापलेल्या प्रती फिरत असतात आणि कात्री लागते ती बहुधा अशाच निरुद्योगी कौटुंबिक प्रसंगांना.

तुम्ही हे झाड लोकांसमोर ठेवणार असाल तर एक गोष्ट त्यावर लिहाच. या सिनेमांतला बाप कधीच चिनी नटाने केला नाही. ओलंड जन्माने स्वीडिश, टोलर मिसुरीचा, विंटर्स बॉस्टनचा, आणि तिघंही रंगभूषा करून चिनी झालेले. यावर आशियाई अमेरिकन लोकांचा राग आहे आणि तो रास्त आहे. २००३ मध्ये फॉक्सच्या चित्रपट वाहिनीला या सिनेमांचा महोत्सव याच आक्षेपामुळे मागे घ्यावा लागला होता. मुलं मात्र खरोखर चिनी वंशाची होती: की लूक ग्वांगझोत जन्मून सिॲटलमध्ये वाढलेला, सेन यंग सॅन फ्रान्सिस्कोचा, फाँग सॅक्रामेंटोचा. म्हणून मी प्रत्येक पात्राच्या चौकटीत खाली नटाचं नाव लिहिते. ओळख ठरवताना चेहरा शेवटी, हे मी वर म्हटलं, पण झाडावरून त्याला पुसून टाकायचं असं नाही. १९७२ मध्ये चॅन कुटुंबावर कार्टून मालिका आली, तिच्यात दहा मुलं, थोरला पुन्हा हेन्री, आणि चार्ली चॅनला आवाज की लूकचा. अमेरिकेत चिनी वंशाच्या नटाने चॅन साकारण्याची ती पहिली वेळ. तिच्यासाठी चौथा कागद घ्या. बाकी तिन्ही कागदांना तो कुठेच जुळत नाही.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर प्रदर्शनाच्या क्रमाने चव्वेचाळीस सिनेमे पाहण्याचा हट्ट सोडा. आधी घर दिसतं ते पाहा: ‘ब्लॅक कॅमल’, ‘सर्कस’, ‘ऑलिम्पिक्स’, ‘मोटोज गॅम्बल’, ‘होनोलुलू’. मग ‘डार्क अलिबाय’ आणि ‘शॅडोज ओव्हर चायनाटाउन’ लागोपाठ, म्हणजे जिमी-टॉमीचा निकाल तुमच्या डोळ्यांनी लागेल. शेवटी ‘फेदर्ड सर्पंट’. एवढ्यावर झाडाचं खोड उभं राहतं. उरलेल्या सिनेमांत एखादी मुलगी, एखादा धाकटा सापडत राहील, त्यांना येतील तसं जागेवर बसवा. आणि कुठे टॉमी जिमीबद्दल बोलताना किंवा जिमी टॉमीबद्दल बोलताना ऐकू आला, तर मिनिटासकट मला नक्की कळवा. तसा एक संवाद मिळाला तर मी त्या दोघांमधली रेघ सलग करीन.